उष्णता वरून येते

श्रीपती मुळ्ये सरांच्या घरात ए.सी. नव्हता, आणि त्याचं कारण पैसा नसून पदार्थविज्ञान आहे, असं ते स्वतः सांगत. सांगत म्हणजे कोणी विचारलं नाही तरी सांगत. "ए.सी. उष्णता नाहीशी करत नाही. उष्णता नाहीशी होतच नाही. तो फक्त ती आपल्या घरातून उचलतो आणि शेजाऱ्याच्या घरात ढकलतो. आता मला सांगा, माझा शेजारी कोण? युसुफ फणसोपकर. इतका सज्जन माणूस. त्याच्या घरात मी माझी उष्णता ढकलू?" समोरचा माणूस अर्थातच नको म्हणे आणि विषय संपे. त्याबरोबर खर्चाचा विषयही आपोआप संपे, पण तो निव्वळ योगायोग.

सरांनी उभी हयात आठवी ते दहावीच्या पोरांना उष्णता शिकवण्यात घालवली. वहन, अभिसरण, प्रारण. रत्नागिरीतले कितीतरी डॉक्टर, वकील आणि एक-दोन पुढारीसुद्धा "स्वेटर स्वतः गरम नसतो, तो फक्त आतली उष्णता अडवतो" हे सरांचं वाक्य घोकून शाळेबाहेर पडले होते. अशा माणसाच्या घरात उकडावं, हीच मुळात बेअब्रूची गोष्ट. आणि उकडत तर होतं. गेल्या वर्षी सरांनी कौलं उतरवून स्लॅब टाकला. कौलं चांगली होती, पण आळीत सगळ्यांचे स्लॅब झाले होते, आणि एकट्याचंच घर कौलारू राहिलं की पोस्टमनसुद्धा जरा कमी अदबीने हाक मारतो, असं सरांना वाटायला लागलं होतं. स्लॅब झाला, पोस्टमनची हाक होती तशीच राहिली, आणि मे महिना आला.

त्यात निजायच्या खोलीची तर भट्टीच झाली. लीलाताईंची झोपायची जागा भिंतीकडची. त्या दोन-तीनदा म्हणाल्या, "अहो, ही माझ्या बाजूची भिंत तापते. हात लावून बघा."

सरांनी हात लावला नाही. हात कशाला लावायचा? शास्त्र कशासाठी असतं? "भिंत कशी तापेल, लीला? तिच्यावर ऊन कुठे येतं? मधे हातभर बोळ, पलीकडे युसुफचं दुमजली घर. तिथे सूर्य बारा महिन्यांत फिरकत नाही. उष्णता वरून येते. स्लॅबमधून." एवढ्यावर न थांबता त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर आकृती काढली. वर सूर्य, खाली स्लॅब, मधे बाण. बाणाच्या टोकाशी लीलाताईही काढल्या. त्या आकृतीत त्या फारशा आनंदी दिसत नव्हत्या.

लीलाताईंनी आकृती पाहिली आणि पिशवी भरायला घेतली. "मी हेदवीला दादाकडे जात्ये. घर गार झालं की कळवा."

रागावून वगैरे नाही. दूध कुठे ठेवलंय, गॅस संपला तर कोणाला सांगायचं, हे सगळं नीट सांगून गेल्या. सरांनीही ते मनाला लावून घेतलं नाही. चार दिवसांत घर गार करतो आणि बोलावतो, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पहिल्याच संध्याकाळी आमटीत मीठ दोनदा पडलं, आणि पानावर बसल्यावर "आज आमटी बिघडली हो" असं म्हणायलाही समोर कोणी नव्हतं, तेव्हा मात्र त्यांना कळलं की हा प्रयोग पटकन उरकायला हवा.

सल्ल्यासाठी ते युसुफकडे गेले. युसुफने उमेदीची वर्षं मस्कतला एका गोदामावर काढली होती, त्यामुळे उन्हाविषयी त्याच्या शब्दाला आळीत वजन होतं. शिवाय त्याच्या हॉलमध्ये बसायला बरं वाटे. मुलगा झैन सुटीवर आला होता तेव्हा, मार्चमध्ये, त्याने ए.सी. बसवून दिला होता. सर त्या गारव्यात बसले, इशरतभाभींनी चहा दिला, आणि सरांनी ए.सी.चं तत्त्व समजावून सांगायला घेतलं.

"खरं हाय सर," युसुफ म्हणाला. "म्हणजे हितली गरमी कुठंतरी जात असंल."

"जातेच."

"कुठं जात असंल?"

"बाहेर," सर म्हणाले, आणि त्यांनी दुसरं बिस्कीट घेतलं.

युसुफचा सल्ला सरळ होता. "मस्कतला सगळी घरं सफेद. का? तिथले लोक येडे हायत काय? सफेदी मारा सर, सूर्य माघारी जाईल." सरांना हे पटलं. प्रारण! पांढरा पृष्ठभाग किरण परत पाठवतो, हे तर त्यांनी स्वतः शिकवलं होतं. डोक्याला टॉवेल गुंडाळून त्यांनी अख्ख्या गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले. गच्ची अशी काही लखलखली की वरून जाणाऱ्या घारी वळसा घालून जाऊ लागल्या. सूर्य माघारी गेला, पण थेट आकाशात न जाता वाटेत इशरतभाभींच्या वरच्या गॅलरीत थांबला.

"सर, दुपारची तांदूळ निवडायला बसते मी," भाभी कठड्यावरून म्हणाल्या. "आता तांदूळ कुठला नि खडा कुठला, कायपण दिसत नाय. डोळे दिपतात." मग त्यांनी गॅलरीला जाड चादर लावली, तिने त्यांचं वारं बंद झालं, आणि त्यांनी आत येऊन ए.सी. लवकर लावायला सुरुवात केली. खोलीतलं सरांचं तापमापक मात्र काही केल्या उतरेना. उलट दुपारनंतर ते जरा वरच सरकलेलं दिसे. सरांनी तापमापकावर संशय घेतला आणि त्याची जागा बदलली.

दुसरा उपाय सरांचा स्वतःचा. हवा ही उष्णतेची मंदवाहक. गच्चीवर मडकी पालथी मांडली, की प्रत्येक मडक्यात कोंडलेली हवा उन्हाला अडवणार. सर कुंभाराकडे गेले. एकदम एवढी मडकी मागणारा माणूस बघून कुंभाराने आवाज खाली आणून विचारलं, "सर, घरची सगळी बरी हायत ना?" लीलाताई तेव्हा हेदवीला होत्या आणि दिसत नव्हत्या, त्यामुळे आळीतही दोन माणसं येऊन हळूच चौकशी करून गेली. सरांनी दोघांनाही मंदवाहकाचं तत्त्व समजावलं. ती दोघं बिचारी मान हलवत गेली. दुःखात माणूस असंच काहीतरी बोलतो, असा त्यांचा समज झाला असावा.

मडकी मांडून झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी माकडं आली. रत्नागिरीच्या माकडांना आंब्याच्या दिवसांत खाण्याची ददात नसते, त्यामुळे त्यांना करमणुकीला भरपूर वेळ असतो. मडकं उलटं करून आत काय आहे ते बघायचं, आत नुसती हवा आहे हे कळलं की रागाने ते खाली टाकायचं, आणि पुढचं घ्यायचं. त्यांची चिकाटी पाहून सरांना आपल्या वर्गातली पोरं आठवली आणि जरा वाईट वाटलं. एवढ्या जिज्ञासेने त्यांतल्या एकानेही कधी हवा तपासली नव्हती. अंगणात खापऱ्यांचा खच पडला.

रोज संध्याकाळी हेदवीला फोन होई. "काय, गार झालं?" लीलाताई विचारत. "होतंय," सर म्हणत. "आज सफेदीचा परिणाम दिसायला लागलाय." किंवा, "आज मडक्यांचा पहिला टप्पा पार पडला." माकडांचा उल्लेख ते करत नसत. ये, असं मात्र त्यांना म्हणता येईना. घर गार झाल्याशिवाय कसं म्हणणार? शब्द म्हणजे शब्द. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ फोनकडे बघत बसत.

तिसरा उपाय बाळा शितपने सुचवला. बाळाची आंब्याची बाग नाचणे गावाच्या बाजूला, पण तो राहायला समोरच. "सर, मडकी कसली लावताय? पेंढा घाला. माज्याकडं भाताचा पेंढा पडलाय ढीगभर." सरांचे डोळे चमकले. पेंढा म्हणजे काड्या, काड्यांत हवा, हवा म्हणजे मंदवाहक, आणि माकडांना त्यात उलटं करण्यासारखं काहीच नाही. बाळाने टेंपोभर पेंढा आणून टाकला आणि गच्चीवर गुडघाभर थर झाला. वर वाऱ्याने उडू नये म्हणून जुनी मासेमारीची जाळी. सर त्या थराकडे पाहून इतके खूश झाले की खाली उतरून त्यांनी "आता दोनच दिवस" असा फोनही करून टाकला.

आता, मे महिन्यात रत्नागिरीत कुणाच्या घरी गुडघाभर पेंढा पसरलेला दिसला, तर त्याचा अर्थ एकच होतो, आंबे पिकवायची आढी. तो दुसऱ्या दिवशी बाळाला दिसला. "सर, पेंढा हायच, तर माजे दोन क्रेट खाली लावू काय? आढीला जागा नाय घरात." पेंढा त्याचाच, नाही कसं म्हणणार? बाळाने हिरवे आंबे पेंढ्यात नीट ओळीने झोपवले, वर पेंढा ओढला आणि गेला. मग युसुफ आला, जावयाला पाठवायची पेटी घेऊन. मग कोपऱ्यावरचे देसाई, मग त्यांची बहीण. बघता बघता सगळ्या आळीची आढी मुळ्ये सरांच्या गच्चीवर लागली. माणसं सकाळ-संध्याकाळ चपलांसकट हॉलमधून जिन्याकडे जात, जाताना "काय सर, उकडतंय नाय?" असं विचारत. सर उत्तर देत नसत.

कारण उकडत होतं. पूर्वीपेक्षा जास्त. सरांनी तापमापक गच्चीवर नेलं, पेंढ्यात खुपसलं, आणि बाहेर काढून पाहिलं. मग पुन्हा खुपसून पुन्हा पाहिलं. पेंढ्याच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा गरम होतं. आंबा पिकताना ऊब टाकतो, आणि पेंढा ती ऊब धरून ठेवतो. म्हणून तर त्याला आढीत घालतात. हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, सरांनाही माहीत होतं, फक्त मंदवाहक हा शब्द मधे आल्यामुळे त्यांचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. स्वेटर स्वतः गरम नसतो. श्रीपती मुळ्ये यांनी भर मे महिन्यात आपल्या घराला स्वेटर घातला होता, आणि स्वेटरच्या आत आळीभरचे आंबे तापाने फणफणत होते. सरांनी तापमापक खिशात घातलं आणि हे कोणाला सांगितलं नाही.

तेवढ्यात नगरपालिकेच्या कचेरीतून तपासणी आली. गच्चीवर वाळकं गवत साठवलंय, आग लागेल, अशी कोणीतरी अर्ज करून तक्रार केली होती. तपासणीला आलेली मुलगी दारात उभी राहून वाकून नमस्कार करू लागली. "सर, मी आरोही. दहावी ब. प्रारणाच्या प्रश्नाला तुम्ही मला चारातले अडीच दिले होतेत."

"आकृती काढली नसशील," सर म्हणाले.

आरोहीने गच्ची पाहिली, आंब्यांचा वास घेतला आणि हातातल्या मोबाईलवर माहिती भरायला लागली. अडचण अशी, की त्या मशीनमध्ये गवत साठवायची कारणं ठरलेली होती. शेड, गोदाम किंवा गोठा. "शेड म्हटलं तर बांधकामाचा परवाना लागतो सर. गोदाम म्हटलं तर धंद्याचा. गोठा घातला तर तुम्हाला त्रास नाही."

"अगं, पण ही उष्णतारोधक योजना आहे!"

"ते यात नाही हो. गोठाच टाकते. जनावरं किती?"

"शून्य."

तिने दोनदा बोट आपटलं. "शून्य घेत नाहीये सर."

"मग एक टाक," सर म्हणाले. ते कोणतं, हे आरोहीने विचारलं नाही. आंबे निघाले की पेंढा लगेच काढा, एवढं बजावून, जाताना बाळाच्या आढीतले चार आंबे घेऊन ती गेली.

आंबे निघायला तर हवे होते, पण काढायचे कधी, हे ठरेना. आळीत दर वर्षी आढीला हात लावायचा मान लीलाताईंचा. त्या पेंढ्यात तळवा घालत आणि सांगत, हा कोपरा उद्या, तो कोपरा परवा, हे दोन आत्ताच्या आत्ता बाहेर काढा नाहीतर बाकीचे नासतील. त्या नव्हत्या म्हणून सरांनी ती जबाबदारी घेतली, आणि तापमापकाने आंबे काढायला सुरुवात केली. बाळाला मिळाले ते आतून करकरीत आंबट. देसायांचे काढायचे राहिले आणि त्यांना खालून पाणी सुटलं. युसुफच्या जावयाची पेटी तर बांधायचीच होती आणि तिचं काय होणार ते कोणीच सांगू शकत नव्हतं. शेवटी बाळाने सरांना न विचारता हेदवीला फोन लावला. "काकी, तुमी या हो. सर आंब्यांचा ताप मोजतायत."

लीलाताई दुसऱ्या दिवशी तवसाळची फेरीबोट पकडून, जयगडमार्गे, दुपारी दारात हजर. सर दार उघडून नुसते बघत राहिले. त्यांना इतकं बरं वाटलं की तिच्या हातातली पिशवी घ्यायचंही राहून गेलं.

"घर गार झालं?" लीलाताईंनी विचारलं.

"नाही."

"मग आधी आंबे बघते."

त्या तशाच गच्चीवर गेल्या. पदर खोचून बसल्या आणि पेंढ्यात हात घातला. आळी कठड्याशी ओळीने उभी राहिली. "बाळा, हे तुझे आज. देसाई, तुमचे हे चार फेकून द्या, बाकीचे वाचलेत. युसुफभाई, जावयाची पेटी उद्या बांधा, पोहोचेपर्यंत होतील." संपूर्ण गच्ची उरकून, गवताच्या काड्या झटकत त्या खाली आल्या. सर मागे मागे तांब्या-भांडं घेऊन. लीलाताई निजायच्या खोलीत गेल्या, पलंगावर टेकल्या, आणि नुकता आढीतून काढलेला तळवा त्यांनी सवयीने भिंतीला लावला.

"अहो, इकडे या," त्या म्हणाल्या. "हात लावा."

या वेळी सरांनी हात लावला, आणि मागे घेतला. भिंत चांगली तापलेली होती. त्यांनी वर स्लॅबकडे पाहिलं, मग पुन्हा भिंतीकडे. जिथे सूर्य बारा महिन्यांत फिरकत नाही, ती भिंत. आणि मग त्या भिंतीपलीकडची घरघर त्यांना ऐकू आली. ती गेले दोन महिने येत होती. सर तिला आपल्या फ्रिजची समजत होते.

डासांमुळे कायमची बंद असलेली खिडकी त्यांनी जोर लावून उघडली. बोळात रचलेल्या माडाच्या झापांच्या वरून समोर युसुफच्या भिंतीवर एक पांढरा डबा होता. डब्यातला पंखा गरगर फिरत होता, आणि त्याची गरम हवा हातभर अंतरावरून थेट सरांच्या भिंतीवर येत होती. ती आता सरांच्या तोंडावर आली. "बाहेर," सर स्वतःशीच पुटपुटले.

युसुफला बोलावलं. तो खिडकीतून वाकून बघतो तो काय, त्याच्याच ए.सी.चा डबा. "या अल्ला. सर, फिटिंगवाल्यानं सांगितलं, बोळात लावतो, कुणाला तरास नाय. मी बघाया पण गेलो नाय. नि तुमाला मी सफेदी मारायला लावली!" तो डबा तेव्हाच्या तेव्हा उपटायला निघाला. सर त्याचा हात धरून म्हणू लागले, अहो असू दे, आमचं काही नाही, साधं वहन आहे. तो म्हणे काढतो, हे म्हणत राहू दे, आणि ह्या सौजन्यात कोणाचा तरी हात मोडला असता. इतक्यात इशरतभाभी आत आल्या आणि लीलाताईंचा हात धरून जवळजवळ रडकुंडीला आल्या. "वहिनी, म्हणजे तुमी आमच्यापायी माहेरी गेलात?"

"तुमच्यापायी कशाला?" लीलाताई शांतपणे म्हणाल्या. "भिंत तापते, हात लावून बघा, एवढंच म्हटलं होतं यांना. यांनी लावला नाही. म्हणून गेल्ये."

 युसुफने सरांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी फिटिंगवाला आला आणि डबा काढून युसुफच्या घराच्या पुढच्या बाजूला, रस्त्याकडे लावून गेला. आता त्याची गरम हवा दोन्ही घरांच्या फाटकांवर येते, आणि पोस्टमन हाक न मारताच कागद आत टाकून पळतो. पेंढा बाळाने नेला. मशीनमधला गोठा मात्र अजून आहे, आणि त्यातलं एक जनावरही.

दुपारची जेवणं झाली. लीलाताई भांडी आवरत होत्या. सर खोलीत गेले आणि त्यांनी भिंतीला हात लावला. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"अजून गरमच आहे," ते म्हणाले. "जांभा आहे ना. आत गेलेली उष्णता धरून ठेवतो. डबा काढला म्हणून लगेच गार होत नाही. वेळ लागतो."

"मलाही," लीलाताई म्हणाल्या, आणि पातेलं घासत राहिल्या.

सरांना आणखी काही बोलायचं होतं, पण नेमकं हे प्रकरण त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. ते परत खोलीत गेले. लीलाताईंची उशी त्यांनी खिडकीच्या बाजूला ठेवली, आपली उशी भिंतीकडे सरकवली, आणि तिथे आडवे झाले. थोड्या वेळाने लीलाताई पदराला हात पुसत आल्या. दारातच थांबून त्यांनी दोन्ही उशांकडे पाहिलं.

"तिकडे पंख्याचं वारं लागत नाही हो," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," सर भिंतीला पाठ लावत म्हणाले. "तू नीज."